आप्पांच्या बोटीचे चार मीटर

मीटर दुरुस्त झाला की लोक त्याला विसरतात. बिघडला की त्याची गोष्ट होते, आणि ती गोष्ट काही दुरुस्त होत नाही. उलट दरवर्षी थोडी वाढते. आमच्या चौघांकडे अशा गोष्टी इतक्या साठल्यात, की कुणाच्या मुलाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलो तर मठ्ठा येईपर्यंत एक होते आणि जिलबी संपेपर्यंत दुसरी. आमच्या बायका आता आधीच विचारून लांबच्या टेबलावर बसतात.

ऐकणारा नवा असेल तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "नाशिकला कुठली आलीये शिडाची बोट?"

आली होती! गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, चांगली ऐसपैस, वर शीड आणि आत चार इलेक्ट्रॉनिक मीटर असलेली. मालक आमचे आप्पा.

तेव्हा आम्ही चौघं सातपूरच्या एका कारखान्यात होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आप्पा कॅलिब्रेशन लॅबचे प्रमुख, म्हणजे कारखान्यातला कुठला मीटर खरं बोलतो आणि कुठला थापा मारतो हे ठरवणारा माणूस. जोगळेकर त्यांच्या हाताखाली. मेंटेनन्सचे भामरे सटाण्याकडचे, आणि चौथा मी, इन्स्ट्रुमेंटेशनमधला.

आप्पा मूळचे नांदगावचे. लहानपण टँकरच्या रांगेत गेलेलं. अशा माणसाला एकदा पाण्याचं वेड लागलं की ते उतरत नाही. आप्पांचं स्वप्न एकच होतं. स्वतः बांधलेली बोट ट्रकवर टाकायची, कसारा घाट उतरायचा आणि अलिबागहून मुरूडपर्यंत समुद्रातून जायचं.

वहिनींना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, हे अजिबात मान्य नव्हतं. पण त्या सरळ नाही म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी अट घातली.

"आधी मला धरणात एक फेरी मारून आणा. निघाल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत तुमचे चारही मीटर खरं बोलले, तर खुशाल समुद्रात जा. एक जरी चुकला, तरी समुद्राचं नाव काढायचं नाही."

"अगं, पण मीटरच का?"

"मला पाण्यातलं काही कळत नाही. लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून मीटरशिवाय दुसरं ऐकलंय काय मी?"

आप्पा खूश झाले! मीटर म्हणजे तर घरचाच विषय. महिन्याभरात समुद्रावर, असं त्यांनी कॅन्टीनमध्ये जाहीर करून टाकलं.

*

बोट बांधली अंबडच्या एका फायबरवाल्याने. त्याचा मुख्य धंदा पाण्याच्या टाक्यांचा. बोट त्याने पहिल्यांदाच केली, पण सुबक केली. रंगसुद्धा टाकीचाच, फिका निळा. फक्त एक झालं. हाताला वळण टाकीचं होतं, त्यामुळे बोटीच्या बाजूला, अगदी खाली, त्याने एक भोक ठेवलं.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"वॉशआउट, साहेब. टाकी धुवायला लागते ना!"

आप्पा रागावले नाहीत. मुंबईच्या भंगारबाजारातून जुन्या जहाजांवरचे चार मीटर आम्ही आणले होते. एक पाण्याची खोली दाखवणारा, एक बोटीचा वेग, एक वारा आणि एक दिशा. त्यातल्या खोलीच्या मीटरचा सेन्सर बोटीच्या तळाला बसवायचा होता. आयतं भोक आहेच तर नवीन कशाला पाडा, असं म्हणून आम्ही तो त्या वॉशआउटमध्येच बसवला. जाम फिट बसला. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

पहिल्याच रविवारी मीटर वेड्यासारखा वागायला लागला. धरणाच्या मध्यावर काहीच दाखवेना. किनाऱ्याला समांतर गेलो की साठ फूट, चाळीस फूट. बोट वळवली की एकदम कोरा. मासेमारीचा एक तराफा शेजारून गेला, तर खोली सात फूट! तराफा पुढे गेला, मीटर परत कोरा.

भामरे तर कठड्यावरून वाकून बघायला लागले. "आप्पा, खाले पानी शे का नई?"

आम्ही केबल बदलली, बॅटरी बदलली, मीटर उघडून फुंकर मारून बंद केला. शेवटी जोगळेकरांनी बोटीला बाहेरून हात लावून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "आप्पा, सेन्सर आडवा आहे. हा खोली मोजत नाहीये. शेजार मोजतोय!"

*

सेन्सर तळाला गेला आणि खोलीचा मीटर सुधारला. इतका, की आम्ही धरणात एक जागा ठरवली, दोन बाजूंच्या झाडांच्या खुणा धरल्या आणि तिथे तीस फूट पाणी आहे हे वजन बांधलेली दोरी सोडून पक्कं केलं. ही आमची मास्टर जागा, म्हणजे मीटर पडताळायचं प्रमाण. दर रविवारी आधी तिथे जायचं, रीडिंग बघायचं, मग पुढे. लॅबमध्ये हेच करत होतो आम्ही.

पुढच्या रविवारी मीटरने एकोणतीस दाखवले. त्याच्या पुढच्या रविवारी साडेसत्तावीस.

"ड्रिफ्ट आहे," जोगळेकर म्हणाले.

ड्रिफ्ट म्हणजे मीटर हळूहळू खऱ्यापासून सरकत जाणं. आमच्या धंद्यातला हा नेहमीचा आजार, आणि औषधही ठरलेलं. जेवढं कमी दाखवतो तेवढं त्यात वाढवून द्यायचं. जोगळेकरांनी मागचा स्क्रू फिरवून परत तीसवर आणला. पुढच्या रविवारी पुन्हा कमी. पुन्हा फिरवला. दोरी परत सोडायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण मास्टर कधी बदलत नसतो!

मे महिन्यात आम्ही झकास वाऱ्यावर येत होतो. मीटर दाखवत होता चौदा फूट. आणि बोट चिखलात घुसून उभी राहिली. भामरे पाय सोडून खाली उतरले, तर पाणी मांड्यांपर्यंत.

त्या उन्हाळ्यात धरणातून कालव्याला आवर्तनावर आवर्तन सुटत होतं. मीटर पहिल्या दिवसापासून बिनचूक होता. कमी होत होतं ते धरण!

चिखलाने भरलेले कपडे बघून वहिनींनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "महिनाभर नळाला एकच वेळ पाणी येतंय. तुम्हाला काय वाटलं, मनपाला ड्रिफ्ट झालाय?"

त्या संध्याकाळी भामरे आप्पांना हळूच म्हणाले, "आप्पा, वहिनीस्ले नका सांगू काही. सरळ टाका बोट ट्रकवर नि चला."

आप्पांनी मान हलवली. "भामरे, न बघता पास करायची सवय मला नाही. कारखान्यात केलं नाही, ते घरात कसं करू?"

ते हसून म्हणाले, पण मला त्यांचं वाईट वाटलं. निवृत्ती जवळ येत होती. समुद्र होता तिथेच होता, घाटाखाली.

*

दिशेचा मीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, फार गुणी होता. फक्त त्याला एक विचित्र खोड होती. आप्पा सुकाणूवर असले की बरोबर. मी असलो की बरोबर. भामरे असले तरी बरोबर. जोगळेकर बसले की उत्तर दिशा त्र्यंबकेश्वरकडे!

आता त्र्यंबक पश्चिमेला, हे नाशिकच्या शेंबड्या पोरालाही माहीत. आम्ही जोगळेकरांचं घड्याळ काढलं. किल्ल्या काढल्या. चष्मा काढला, कारण त्याच्या काड्या धातूच्या होत्या. मग त्यांना समोरून काही दिसेना, ते वेगळंच. उत्तर काही त्र्यंबक सोडेना.

"माणसाला मॅग्नेटिक फील्ड असतं म्हणे," भामरे म्हणाले.

"बकवास!" जोगळेकर उसळले. ते कट्टर विज्ञानवादी. त्या दिवसांत गल्लोगल्ली चुंबकाच्या गाद्या आणि चुंबकाचे पट्टे विकणारे फिरत असत. जोगळेकरांनी लॅबमध्ये त्याच्यावर चक्क तासभर भाषण दिलं होतं. चुंबकाने दुखणं बरं होतं म्हणणारा एकतर लबाड असतो किंवा गाढव, हे त्यांचं शेवटचं वाक्य होतं.

आप्पांनी त्यांना बोटीत फिरवून पाहिलं. जोगळेकर डावीकडे सरकले की उत्तर डावीकडे, उजवीकडे सरकले की उजवीकडे. उभे राहिले की फरक कमी. बसले की जास्त.

"जोगळेकर," आप्पा मऊ आवाजात म्हणाले, "गुडघ्याला काही लावलंय का?"

जोगळेकरांनी सावकाश पँट वर केली. आत चुंबकाचा रुंद पट्टा होता. एक नव्हे, दोन. दोन्ही गुडघ्यांना एकेक.

कुणी हसलं नाही. हसण्याच्या पलीकडचा प्रसंग होता तो. शेवटी भामऱ्यांनीच विचारलं, "पण फरक पडला का, साहेब?"

"गुडघ्यांना नाही," जोगळेकर म्हणाले. "उत्तरेला पडला!"

*

पुढे मोबाइल आले. आप्पांनी एक घेतला, म्हणजे वहिनींनी घ्यायला लावला, कारण रविवारी हे पाण्यात असले की त्यांना चैन पडत नसे.

तेव्हापासून वेगाचा मीटर बिघडला. वारा पडलेला, बोट जागच्या जागी, आणि काटा एकदम शेवटपर्यंत जाऊन थडथडायला लागे. दोन क्षणांनी मोबाइल वाजे. पलीकडून वहिनी.

कारण कळायला वेळ लागला नाही. फोन वाजण्याआधीच त्याच्या लहरी मीटरच्या उघड्या केबलमध्ये शिरत होत्या. एक साधी जाळीची केबल टाकली असती तर प्रश्न मिटला असता. मी आणलीही होती. आप्पा म्हणाले, "राहू दे आत्ताच."

काटा थडथडला की आप्पा खिशातून फोन काढून हातात धरत आणि पहिली रिंग पुरी व्हायच्या आत म्हणत, "हं, बोल गं."

एकदा वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, मी फोन लावला रे लावला की यांना कळतं कसं? ऑफिसात असले की दहा रिंगा झाल्या तरी उचलत नाहीत."

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "अगं, इतक्या वर्षांचा संसार आहे. कळतं माणसाला."

वहिनी लाजल्या की हो! मी जाळीची केबल घरी घेऊन गेलो, ती वर्षभर माझ्या माळ्यावर पडून होती.

*

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा. कारखान्यातल्या लेथपासून स्टोअरमधल्या वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. बोट तरी कशी सुटेल? आणि त्या दसऱ्याला वहिनी स्वतः किनाऱ्यावर येणार होत्या. पूजा झाली की फेरी, असा बेत होता. आप्पा पहाटेपासून इस्त्रीच्या शर्टात.

भामऱ्यांनी पूजेसाठी डोलकाठी खाली उतरवली. डोलकाठीच्या टोकाला वाऱ्याच्या मीटरचा सेन्सर असतो, तीन छोट्या वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात. भामऱ्यांनी सेन्सरला गंध लावलं, वर एक भरगच्च हार घातला, नमस्कार केला आणि डोलकाठी परत उभी केली.

वहिनी सावलीत बसल्या. आप्पा म्हणाले, "तू बस, आधी आम्ही एक छोटी चक्कर मारून येतो. मग तू."

मीटर म्हणाला, वारा शून्य. झाडं तर हलत होती. पण आम्ही मीटरवाली माणसं, झाडांवर कोण विश्वास ठेवतो! वारा नाही म्हणून सगळं शीड वर चढवून ताणून बांधलं. कडेच्या आडोशातून बाहेर आलो मात्र, बोट एकदम कलली. आप्पा, जोगळेकर आणि प्रसादाचं ताट तिघंही पाण्यात. मीटर अजूनही शून्यावर.

सगळे सुखरूप निघालो. लाइफ जॅकेट होतीच. किनाऱ्यावर आलो तेव्हा वहिनी उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. आप्पांचा हात त्यांनी जो धरला तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

भामरे बिचारे वर डोलकाठीकडे बघत राहिले. हाराच्या दोऱ्याने तिन्ही वाट्या घट्ट बांधल्या गेल्या होत्या.

"माझंच चुकनं, वहिनी," ते म्हणाले. "देव पावला नि वारा थांबला."

*

त्यानंतर बराच काळ फेरीचा विषय निघाला नाही. आप्पा निवृत्त झाले. बोट धरणावर, आम्ही रविवारी तिच्यावर, आणि समुद्र फक्त गप्पांत. मग एका फेब्रुवारीत वहिनींनीच मला विचारलं, "भाऊजी, ते मीटर आता कसे आहेत?"

आम्ही तिघांनी महिनाभर कंबर कसली. वेगाच्या मीटरला जाळीची केबल टाकली. जोगळेकर पट्ट्यांशिवाय आले. खोली दोरीने तपासली, आणि धरणाची पातळीसुद्धा विचारून घेतली. मी चारही मीटरचे प्लग नवीन आणले, आट्यांची कडी फिरवून घट्ट बसणारे.

वहिनी बोटीत आल्या आणि डाव्या बाकावर दोन्ही हातांनी कठडा धरून बसल्या. समोर उजव्या बाकावर, सुकाणूशी, आप्पा. वहिनींना धीर यावा म्हणून मी त्यांच्या बाकाखालचा प्लग दाखवला.

"हा खोलीचा. आप्पांच्या बाकाखाली दिशेचा. आता हाताने पाच-सहा आटे फिरवल्याशिवाय सुटायचा नाही, वहिनी. लाट येऊ दे नाही तर काही येऊ दे."

"अस्सं," वहिनी म्हणाल्या, आणि वाकून नीट बघून घेतलं.

निघालो. वारा मोजका, पाणी स्वच्छ. चारही मीटर आज्ञाधारक. वहिनींनी आधी एक हात सोडला, मग दुसरा. थोड्या वेळाने त्या हात पाण्यात घालून बसल्या. ते डोंगर कुठले, आप्पा सांगत होते. त्या पाखरांचं नाव काय, आप्पांना येत नव्हतं, तरी सांगत होते. वहिनींनी पिशवीतून चिवडा काढला. आप्पांना कच्चा कांदा चालत नाही म्हणून त्यांच्या वाटणीचा वेगळा आणला होता. मी त्या दोघांच्या घरी कितीदा जेवलोय, पण त्यांना एकमेकांशी इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

परत फिरलो. किनारा दिसायला लागला. खोली बरोबर, वेग बरोबर, वारा बरोबर, दिशा बरोबर.

"आप्पा, जमनं!" भामरे पुढून ओरडले.

"उद्याच ट्रक सांगून ठेवतो," जोगळेकर म्हणाले. "पुढच्या रविवारी आपण अलिबागला!"

आप्पांनी सुकाणू दुसऱ्या हातात घेतलं. वहिनींनी पाण्यातला हात काढला आणि पदराला पुसला. दोघंही जरा वाकून बसले. मी शिडाची दोरी सैल करायला वळलो.

वळून परत बघितलं तर खोलीचा मीटर कोरा. मी चमकून दिशेच्या मीटरकडे पाहिलं. तोही कोरा!

किनारा हाकेच्या अंतरावर. मी गुडघ्यांवर बसून डाव्या बाकाखाली हात घातला. प्लगची कडी पूर्ण फिरवलेली, प्लग बाजूला पडलेला. मग उजव्या बाकाखाली हात घातला. तिथेही कडी पूर्ण फिरवलेली, प्लग बाजूला.

मी डोकं वर काढलं. आप्पा शिडाकडे बघत होते. वहिनी डोंगराकडे.

"काय झालं रे?"
"काय झालं हो, भाऊजी?"

दोघांनी एकदमच विचारलं.

"लूज कॉन्टॅक्ट," मी म्हणालो.

"अरेरे," वहिनी म्हणाल्या. "मग पुढच्या रविवारी परत यायला हवं मला."

"हवंच," आप्पा म्हणाले.